डोळा बघ, कल्ला बघ

तोर्रेसाले,
१४ ऑक्टोबर १९५६

वेलिया पोरी,

तुझ्या मावशीला वेड लागलंय असं गावातल्या कुणी तुला कळवलं असेल, तर ते खरं आहे. मी सिनेमात काम केलं. आधी पोटभर हसून घे, मग पुढचं वाच.

गेल्या आठवड्यात रोमहून चार ट्रक आले आणि वाळूवर छत्र्या रोवल्या. ऑक्टोबरात! आपले हॉटेलवाले सप्टेंबर संपला की छत्र्या मिटून गुदामात टाकतात, त्या यांनी परत बाहेर काढायला लावल्या. म्हणे उन्हाळ्यात गाव महाग पडतं, म्हणून ऑगस्ट महिना आम्ही ऑक्टोबरात साजरा करायचा. अर्धं गाव पोहण्याच्या कपड्यांत वाळूवर बसवलं. आपला गास्पारे न्हावी आइस्क्रीम चाटत पुढेच बसला होता. त्याचे दात इतके वाजत होते की मला वाटलं घोडागाडीच आली. ‘कट’ म्हटलं की सगळी वाळू कोट शोधत पळायची.

सिनेमाचं नाव ‘मिस खारं पाणी’. गोष्ट आपल्यासारख्याच एका गावाची. तिथे सुंदर पोरींची स्पर्धा ठेवतात. परीक्षक कोण, तर नगराध्यक्ष, औषधवाला, बर्फाच्या कारखान्याचा मालक असली मंडळी, आणि प्रत्येकाने मुकुट आधीच वेगवेगळ्या पोरीला कबूल करून ठेवलेला. एकच पोरगी बिनवशिल्याची, मासेवालीची. शेवटी तिची आई उठते आणि परीक्षकांना झाडते. ही आई म्हणजे मी.

ते काम करणारी बाई रोमहून यायची होती. ती आली, तिने वारा बघितला आणि त्याच गाडीने परत गेली. डायरेक्टर, पावान त्याचं नाव, डोकं धरून मच्छीबाजारात हिंडत होता. तेव्हा माझं आणि गास्पारेचं रोजचं भांडण चाललं होतं. तो म्हणतो तराजूवर अंगठा ठेवतेस, मी म्हणते तुझ्या वस्तऱ्यापेक्षा माझा अंगठा इमानदार. पावान टोपलं रिकामं होईपर्यंत ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, “बाई, उद्या हेच भांडण माझ्यासमोर करा.”

आता गंमत ऐक. मी विचारलं, बोलायचं काय? त्याचा मदतनीस म्हणाला, “काही नाही, आकडे मोजा. एकपासून सुरू करा. फक्त रागाने मोजा. आवाज नंतर रोमला भरतात.” मला वाटलं माझी टर उडवतोय. पण शेजारी तो पांढऱ्या मिशांचा मोठा नट, परीक्षकांचा मुख्य, छातीवर हात ठेवून डोळ्यांत पाणी आणून म्हणत होता, “एकतीस! बत्तीस! अरे देवा, तेहतीस!” मी त्याला हात जोडले. पण मला ते जमेना. माझ्या पोरीवर अन्याय होतोय आणि मी आकडे मोजत बसू? तोंडाला जे येतं तेच मी बोलले. तारलीची हाक दिली. बर्फवाल्याची हनुवटी धरली, वर केली आणि मासा बघावा तसा त्याचा डोळा बघितला. डायरेक्टर हसत हसत खुर्चीवरून घसरला, पण ‘कट’ काही म्हणाला नाही.

माझी लेक झालेली पोरगी मिरेल्ला, नेपल्सची. कपडे ते काय, नावाला. लिपस्टिकच्या खाली ओठ निळे पडलेले, पण कॅमेरा फिरला की अशी हसायची जणू भर दुपारचं ऊन अंगावर आहे. मी तिला मधल्या वेळात माझ्या शालीत घेऊन बसायचे. कष्टाची पोर आहे. तुझी आठवण आली, बाकी काही नाही.

वारा खाऊन माझा घसा बसलाय. होईल बरा.

तुझी,
आर्जिया मावशी

*

रोम,
२५ ऑक्टोबर १९५६

मावशी,

तुझं पत्र मी स्टुडिओत मोठ्याने वाचून दाखवलं. दोघीतिघींनी ते परत वाचायला मागितलं.

तुझी टर कुणी उडवली नाही गं. आपल्याकडे सिनेमे असेच होतात. समुद्रावर वारा, ट्रकांचा घरघराट, तिथला आवाज काय कामाचा? म्हणून आधी चेहरे टिपून घेतात आणि नंतर माझ्यासारख्या पोरी अंधाऱ्या हॉलमध्ये उभ्या राहून त्या ओठांवर आवाज बसवतात. गेली सहा वर्षं मी हेच करतेय. अजून मोठं काम मिळालेलं नाही. मी गर्दी आहे, रडणारं बाळ आहे, “बाईसाहेब, तार आलीये” म्हणणारी मोलकरीण आहे. पण ऐक, ‘मिस खारं पाणी’चं डबिंग आमच्याच स्टुडिओत होणार आहे!

पण पहिलं डबिंग मी कुठे केलं ते आठवतं का तुला? आई गेल्यावर तू मला बाजारात नेऊन माशांच्या हातगाडीमागे बसवायचीस. एकदा तू बर्फ फोडत होतीस आणि मागून मी हुबेहूब तुझ्या आवाजात हाक दिली. बायका धावत आल्या, तुला भाव विचारायला लागल्या आणि तू म्हणायला लागलीस, “मी कुठे काय बोलले?” मग तू गाडीखाली वाकून बघितलंस आणि बांगडा फेकून मारलास. चांगला मोठा बांगडा होता. दोन दिवस माझ्या केसांना वास येत होता.

घशासाठी गरम दुधात मध घाल. आणि ओरडू नकोस. अर्थात हे पालथ्या घड्यावर पाणी.

तुझी,
वेलिया

*

तोर्रेसाले,
२० नोव्हेंबर १९५६

वेलिया,

सिनेमावाले गेले. गाव परत मिटलं.

जाताना पावान म्हणाला, “आवाज भरायला तुम्हालाच रोमला बोलावतो. हे तोंड दुसऱ्या कुणाच्या बापाला जमणार नाही.” मी म्हटलं बघू. पण खरं सांगू? मला फार बरं वाटलं. तू रोमला निघालीस तेव्हा स्टेशनवर मी काय बोलले होते ते तुला आठवत असेलच, विसरणाऱ्यातली तू नाहीस. “आवाज विकायला रोमला कशाला जायचं? आवाज तर आम्हीही विकतो, वर मासे देतो.” तर आता मीही येईन तुझ्या त्या अंधाऱ्या हॉलमध्ये. दोघी मिळून विकू.

मिरेल्लाने जाताना सिनेमातला रेशमी पट्टा मला दिला, खांद्यावरून आडवा घालतात तो. त्यांच्याकडे दोन होते. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘मिस खारं पाणी’. मी तो कपाटात ठेवलाय, चादरींच्या मध्ये.

डिसेंबरात मी बोलोन्याला जातेय. तिथे माझी एक जुनी मैत्रीण आजारी आहे, तिचं करायला कुणी नाही. किती दिवस लागतील सांगता येत नाही. त्यामुळे नाताळला येऊ नकोस, घर बंद असेल. पत्रही मी आल्यावरच लिहीन.

मध घेतला. मध चांगला होता.

आर्जिया मावशी

*

रोम,
१५ जानेवारी १९५७

मावशी,

माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. मैत्रीण बरी झाली का? तू घरी आलीस का?

आज मी तुला बघितलं. सिनेमा आमच्या हॉलमध्ये आलाय. फिल्मचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येकाचं कडं जोडतात आणि ते कडं फिरत राहतं. तोच प्रसंग पुन्हा पुन्हा, आवाज ओठांवर बसेपर्यंत. दिवे गेले आणि समोर भिंतीएवढी तू. तुझ्या हनुवटीवरचा तीळ माझ्या मुठीएवढा. तू एप्रन कमरेत खोचलास आणि परीक्षकांच्या टेबलाकडे निघालीस. मावशी, आमच्या हॉलमधली माणसं रोज मोठमोठ्या नटनट्या बघून आंबलेली आहेत. ती हसायला लागली. आवाज नसताना! मशीनवरचा माणूस म्हणाला, “ही बाई कुठल्या नाटकमंडळीतली?” मी म्हटलं, “मच्छीबाजारातली. माझी मावशी आहे.” इतक्या अभिमानाने मी आजवर काहीच बोलले नव्हते.

सिनेमा फार छान झालाय. पोरी वाऱ्यात कमरेवरचे नंबर धरून चालतात, परीक्षक एकमेकांना टेबलाखालून लाथा मारतात, मुकुट उडून समुद्रात जातो आणि बर्फवाला बूट काढून त्याच्यामागे जातो. हसता हसता अचानक मिरेल्लाचा चेहरा येतो आणि कळतं की या पोरीला हे खरंच हवं आहे. ज्याने हे केलं त्याला माणसं आवडतात.

पण घोडं पेंड खातंय ते तुझ्यापाशी. लिहिलेलं वाक्य आहे, “माननीय परीक्षक, माझी मुलगी गरीब आहे पण गुणी आहे.” आणि तुझे ओठ म्हणतायत तिसरंच. सिन्योरा देल्फिना तुझा आवाज द्यायला आल्या होत्या. परदेशी सिनेमांतल्या राण्यांना त्या आवाज देतात, फार मोठ्या आहेत. त्या दमल्या. “ही बाई बोलतेय तरी काय?” म्हणाल्या. मागच्या बाकावरून मी बोलून गेले, “डोळा बघ, कल्ला बघ, वास घे नि घरी ने! तारली माझी चांदीची, काल रात्री समुद्रात होती!” सगळे वळून बघायला लागले. तुझे ओठ मला न वाचता येतील होय?

पावान उठून उभे राहिले. म्हणाले, मग गरीब-गुणी गेलं खड्ड्यात, आई हेच बोलेल. पोरींकडे कसं बघायचं ते परीक्षकांना मासेवाली शिकवते, याहून चांगलं मी काय लिहिणार होतो! पण बोलायला ती स्वतःच हवी. तिला बोलवा.

तेव्हा ये. स्टेशनवर मी घ्यायला येते. मार्चच्या मध्यापर्यंत वेळ आहे. तू नाही आलीस तर प्रसंग सिन्योरा देल्फिनांना जमेल तेवढाच ठेवतील आणि बाकीचा कापतील.

वाट बघणारी,
वेलिया

*

तोर्रेसाले,
६ फेब्रुवारी १९५७

वेलिया,

पत्र मिळालं. तीळ एवढा मोठा दिसतो हे कुणी आधी सांगितलं असतं तर झाकला असता.

मला काही येता यायचं नाही. सध्या बांगडा खूप लागतोय, गाडीचं चाकही मोडलंय आणि गुडघे कुरकुरतायत. रोमला येऊन मी काय दिवे लावणार? त्या राण्यांच्या बाईला करू दे.

बाजार बरा चाललाय. हल्ली हाक मारावीच लागत नाही. लोक आपणहून येतात, सिनेमावाली म्हणून बघायला. गास्पारेसुद्धा भांडत नाही. मुकाट्याने घेतो आणि जातो, मला तर करमेनासं झालंय.

रविवारी घसा राखणाऱ्या संत बियाजोचा दिवस होता. मीही गेले देवळात, गळ्याला मेणबत्त्या लावून घ्यायला. तू म्हणशील, मावशी आणि देऊळ? गेले खरी. पाद्री प्रीमो माझ्या गळ्याशी मेणबत्त्या धरून प्रार्थना म्हणायला लागले आणि मध्येच रडायला लागले. म्हातारे झालेत बिचारे.

अंगावर लोकरीचं घालत जा.

मावशी

*

रोम,
१८ फेब्रुवारी १९५७

आर्जिया मावशी,

काल मी गावात, अमेदेओच्या कॉफीच्या दुकानात फोन लावला. तो म्हणाला, थांब, बोलावून आणतो. मी थांबले. तुझ्या सपाता वाजल्या, खुर्ची सरकली. मी “मावशी” म्हटलं. फक्त श्वास ऐकू आला. मी म्हटलं, अगं एकदा ये, दोन दिवसांसाठी ये, पाय धरते तुझे. तू एक शब्द बोलली नाहीस. नुसता श्वास, तोही रागाने घ्यावा तसा जोरात. मग फोन ठेवून दिलास.

म्हणजे सहा वर्षांनीही तू तिथेच उभी आहेस, त्या स्टेशनवर. नोव्हेंबरात “दोघी मिळून विकू” लिहिलंस तेव्हा मी वेडी ते पत्र उशाखाली घेऊन झोपले. गाडीचं चाक मोडलं म्हणे! चाक मी स्वतः रोमहून पाठवते. सरळ सांग ना, की माझ्या या धंद्याची तुला अजून लाज वाटते, आणि भाचीच्या हाताखाली उभं राहायला तुला कमीपणा वाटतो.

तुझं तोंड भिंतीवर रोज फिरतं आणि रोज मुकं जातं. मला बघवत नाही. तुला आवाज द्यायचा नसेल तर देऊ नकोस. पण निदान माझ्याशी बोलायचं होतंस.

वेलिया

*

तोर्रेसाले,
२२ फेब्रुवारी १९५७

माझ्या बाळा,

लाज नाही गं. तुझ्याशी बोलायला मी धावत गेले होते. एप्रनसुद्धा काढला नव्हता.

बोलोन्याला मैत्रीण नव्हती. इस्पितळ होतं. घसा वाऱ्याने बसला नव्हता, आत वाईट गाठ होती. डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्ही राहाल किंवा आवाज राहील, दोन्ही नाही. मी म्हटलं, मी राहिले तर तारली तरी विकीन, नुसता आवाज राहून काय करील? माझ्या आवाजात बोललेलं ते जवळजवळ शेवटचंच. पुढे काय बोलले ते आठवत नाही. नर्सला म्हटलं असेल, खिडकी लाव.

आता गळ्याला भोक आहे आणि श्वास तिथूनच येतो. तू फोनवर ऐकलास तो तोच. रागाचा नव्हता. मला वाटलं होतं, काहीतरी निघेल. नुसतं तोंड हलवत होते, अमेदेओ समोर उभा राहून रडत होता. मग मीच फोन ठेवला.

तुला सांगितलं नाही आणि गावाला शपथ घातली, कारण तू मला माहीत आहेस. तू आली असतीस, रडली असतीस, आणि रोम सोडून माझ्या गाडीमागे उभी राहिली असतीस, हाका मारायला. तेच मला नको होतं. मी नुसती बेल वाजवते. लोक येतात, कीव येते म्हणून जास्त घेतात. त्या कीवेपेक्षा गास्पारेच्या शिव्या बऱ्या होत्या.

भोक झाकायला गळ्याभोवती काहीतरी लागतं. मी तो मिरेल्लाचा रेशमी पट्टा कापला. गाठ मागे घेतली की पुढे नेमकं ‘मिस’ येतं. छप्पन्नाव्या वर्षी मिस झाले, बघ.

आता माझं एक काम कर. ते तोंड माझं आहे. त्यात राण्यांच्या बाईचा आवाज घालू देऊ नकोस. तू घाल. तुला येतो. लहानपणापासून येतो. म्हणून तर बांगडा मारला होता, मला माझीच भीती वाटली होती.

रडून झालं की कामाला लाग. आणि इकडे यायचं नाही, आधी ते कर.

तुझी मावशी

*

रोम,
१२ मार्च १९५७

माझी मावशी,

दोन आठवडे मी तुला लिहू शकले नाही. काय लिहिणार होते? मागचं पत्र फाडून टाक. नाहीतर ठेव आणि मी म्हातारी झाले की मला दाखवून लाज आण.

पावानना सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाले, “तुला जमेल?” मी हो म्हटलं. काल उभी राहिले.

पहिल्यांदा काहीच जमेना. कडं फिरायचं, तू एप्रन खोचायचीस आणि मी तोंड उघडायचे. आवाज यायचा तो एका रडक्या भाचीचा. परत कडं, परत तेच. सिन्योरा देल्फिना मागे बसल्या होत्या, मी हरले तर त्यांनी करायचं म्हणून. शेवटी मी बूट काढले. मशीनवाल्याला म्हटलं, एक लाकडी खोकं द्या, बाजारात मावशी खोक्यावर उभी असते. त्यावर चढले, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि समोर नट नाहीत, गास्पारेकाका आहेत असं मनाशी धरलं. मग जो आवाज आला तो माझा नव्हता. “डोळा बघ, कल्ला बघ!” हॉलच्या दाराशी चहा-कॉफीवाला जात होता, तो आत डोकावला की इथे मासे कुठून आले.

मधे एक जागा आहे. तू बर्फवाल्याची हनुवटी सोडतेस, गर्दीकडे वळतेस आणि कमरेवर हात ठेवून गप्प होतेस. चांगला लांब थांबा आहे. मग एकदम ओठ हलतात. संकलक म्हणत होता, बाई वाक्य विसरली, हे कापून टाकू. मी आडवी आले. म्हटलं, ती विसरलेली नाही, ती गिऱ्हाईक काय म्हणतं त्याची वाट बघतेय. तिला उत्तर मिळाल्याशिवाय ती पुढे बोलत नाही. गास्पारेकाका गर्दीत पुढेच बसले होते ना? जित्याची खोड! फोनवरचं तुझं गप्प राहणं मला कळलं नाही, पण हे कळलं. थांबा तसाच ठेवलाय. मी त्यात श्वाससुद्धा घातला नाही.

दिवे लागले. पावानांनी विचारलं, “तिला आणलंस की काय?” आणि सिन्योरा देल्फिना माझ्याजवळ आल्या, खोक्यावरून उतरायला हात दिला आणि म्हणाल्या, “मी राण्यांचा आवाज देते, पण राणी कुणाला म्हणतात ते आज बघितलं.” त्या तुझ्याबद्दल बोलत होत्या, माझ्याबद्दल नाही.

मला पुढच्या सिनेमात मोठं काम देतायत. ते नंतर सांगेन. आधी हे सांगायचं होतं की तुझा आवाज गेलेला नाही. तो एका डब्यात गुंडाळून ठेवलाय आणि ईस्टरला तुमच्या थिएटरात येतोय.

मी रोम सोडत नाही. शपथ. पण गास्पारेकाकांना पहिल्या रांगेत बसव.

तुझी वेलिया

*

तोर्रेसाले,
२३ एप्रिल १९५७

वेलिया,

काल, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सिनेमा लागला. अख्खं गाव आलं. घरून खुर्च्या आणल्या. पाद्री प्रीमोसुद्धा आले, पोहण्याच्या कपड्यांतल्या पोरी आल्या की डोळ्यांवर टोपी धरायचे आणि टोपीच्या कडेवरून बघायचे. मी मधोमध बसले होते, गळ्याला पट्टा बांधून.

सगळे स्वतःला शोधत होते. “तो बघ मी!” “अरे, तो तुझा कोपर आहे फक्त!” मिरेल्ला दिसली तर बायका म्हणायला लागल्या, बाई गं, किती गोड. मी त्यांना खुणेने सांगितलं, ही माझ्या शालीत बसायची. आणि तो मुकुट समुद्रात गेला, बर्फवाला बूट काढून त्याच्यामागे गेला, तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मला आता हसताना आवाज येत नाही, नुसती हलते. शेजारीण घाबरली, तिला वाटलं मला काही होतंय. खरंच गं, किती चांगला सिनेमा केलाय त्या माणसाने. आमचं गाव आम्हालाच आवडायला लागलं.

मग मी आले. एप्रन खोचला. सगळ्यांचं स्वतःला शोधणं थांबलं. सगळ्यांना ठाऊक होतं ना. त्यांना वाटलं आता कोणीतरी परकी बाई बोलणार, आणि मला वाईट वाटणार. कुणी माझ्याकडे बघेना.

आणि पडद्यावरून मी बोलले.

वेलिया, मी ऐकलं. तो आवाज मी जन्मभर आतून ऐकला होता, बाहेरून कधी ऐकलाच नव्हता. केवढा मोठा आहे! खरखरीत, निर्लज्ज, अगदी धक्क्याच्या टोकापर्यंत जाणारा. आणि कसा छान आहे गं. लोक विकत का घ्यायचे ते मला काल कळलं. “डोळा बघ, कल्ला बघ, वास घे नि घरी ने!” मागे कुणीतरी हुंदका दिला. मग मी बर्फवाल्याची हनुवटी सोडली, गर्दीकडे वळले, कमरेवर हात ठेवले आणि गप्प झाले. तो तुझा थांबा.

आणि पहिल्या रांगेतून गास्पारे उठला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, मी तर नाहीच. वीस वर्षांची सवय. अंधारात उभा राहून पडद्याला ओरडला, “अर्धा किलो तारली दे, आणि तराजूवरचा अंगठा काढ!”

पडद्यावरून मी म्हणाले, “आधी तोंड धुऊन ये!”

मला वाटलं छप्पर उडतं. लोक खुर्च्यांवर चढले. ऑपरेटरला परत लावायला लावलं, परत गास्पारे ओरडला, परत मी त्याला तोंड धुवायला पाठवलं. नंतर तो माझ्याजवळ आला. कीव नाही, काही नाही. नाकाशी बोट नाचवत म्हणाला, “सिनेमात पण अंगठा ठेवलास! मी बघितला!” आज सकाळी बाजारात परत भांडायला हजर. मी बेल वाजवून त्याला उत्तर दिलं. त्याला सगळं कळलं.

आणखी एक सांगते, ते कुणाला सांगू नकोस. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा मी अंधारात तुझ्याबरोबर ओठ हलवले. शब्दाला शब्द लागला. तू माझ्या तोंडाला आवाज दिलास, मी तुझ्या आवाजाला तोंड दिलं. मलाही येतं तुझं काम.

मोठं काम मिळतंय ते कर. रोम सोडू नकोस. पण ऑगस्टात बोटींचा सण असतो, बाजाराला दुप्पट गर्दी असते, त्या एका दिवसासाठी ये. मी खोक्यावर उभी राहीन, तू गाडीमागे बस, तुझ्या जुन्या जागी. तोंड मी हलवते.

या वेळी बांगडा मारणार नाही.

तुझी,
आर्जिया मावशी